एक कोरडी रजई

"आई, इथे हात लाव बरं," केतकी म्हणाली आणि शालनचा हात धरून तिने तो व्हॅनच्या पत्र्याला टेकवला. "आता इकडे." या वेळी तिने तो खिडकीवर चिकटवलेल्या चंदेरी कापडावर ठेवला. "कळला फरक?"

"कळला की."

"काय कळला?"

"हे गार आहे आणि ते लई गार आहे."

केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी घाईने पुस्तकात डोकं घातलं. मायलेकींच्या मध्ये पडण्याची माझी कधीच हिंमत नव्हती. खरं तर कुणाच्याच मध्ये पडण्याची नव्हती.

केतकी माझ्या धाकट्या भावाची, रघुनाथची मुलगी. मनालीत कॅम्परव्हॅन भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत ती काम करायची. व्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. दोन झोपायचे ओटे, दुमडून ठेवायचं एक टेबल, शेगडी, मोरी आणि बाकाखाली डिझेलवर चालणारा हीटर. रघुनाथ जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. शालनने फोनवर सहज म्हणावं तसं म्हटलं, "मला एकदा बर्फ बघायचाय गं," आणि केतकीला केवढा आनंद झाला. आई कधी काही मागत नसे. शालनला एवढ्या लांब एकटीने पाठवायला नको, म्हणून साताऱ्याहून तिच्यासोबत मला धाडण्यात आलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला, बिनलग्नाचा माणूस, रिकामाच होतो.

तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. मनालीपुढचा डोंगरातला बोगदा ओलांडून लाहौलच्या खोऱ्यात शिरल्यावरची ती आमची पहिली सकाळ. ती भांडणाने सुरू झाली, कारण तीनपैकी दोन रजया ओल्या झाल्या होत्या. रात्रभर आमचा श्वास थंड पत्र्यावर जाऊन त्याचं पाणी झालं होतं आणि भिंतीला टेकलेल्या रजयांनी ते पिऊन घेतलं होतं.

"हीटर चालू असता तर हे झालं नसतं," केतकी रजया पुढच्या सीटवर पसरत म्हणाली. "कोरडी हवा असते त्याची. पण तुला वास येतो."

"येतो वास. मळमळतं मला."

"आई, धूर सगळा बाहेर जातो. पाइप मी स्वतः बसवलाय."

"तू बसवलायस म्हणूनच येत असेल."

मला हसू आलं. केतकीला नाही आलं. तिने तिसरी रजई उचलली आणि आईच्या मांडीवर टाकली. "ही एक कोरडी राहिली. ही तुझी. आप्पा, तुम्ही शाल घ्या आणि गरम पाण्याची पिशवी."

"मला कशाला? आप्पांना दे. वयानं मोठे आहेत."

"आप्पांना ताप नाही. तुला आहे."

ताप होता. मनालीपासून शालन खोकत होती. डोळे पाणावलेले, ओठ कोरडे. तरी तिने रजईची घडी घातली आणि ती उशापाशी ठेवली, एखादी परक्याची वस्तू ठेवावी तशी. ती तशीच घडी मी पूर्वी पाहिली होती.

आमचं घर सैन्यातल्या माणसांचं. आजोबा, चुलते, मग रघुनाथ, आणि आता त्याचा मुलगा रणजित. माझा तेवढा चष्मा जाड आणि छाती अरुंद. घरात बायकांचा एक नेम होता. आपलं माणूस बर्फातल्या चौकीवर असेल तोवर घरच्या बाईने पांघरूण घ्यायचं नाही आणि विस्तवाचा शेक घ्यायचा नाही. अंगात घातलेले कपडे चालतात, अंगावर ओढलेलं चालत नाही. गरम चहा चालतो, चुलीपुढे हात धरणं चालत नाही. आणि नेम बोलून दाखवायचा नाही. ज्याला कळला असेल त्यानेही न कळल्यासारखं राहायचं.

मला तो कळला तो असा. रघुनाथ पहिल्यांदा लडाखला गेला होता. एका पहाटे मी पाणी प्यायला उठलो, तर आई उघड्या चटईवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. उशाशी गोधडीची घडी. मी गोधडी उचलली. आई डोळे न उघडता म्हणाली, "ठेव तिथं." मी ठेवली आणि माझ्या खोलीत गेलो. माझ्या अंगावर दोन गोधड्या होत्या. माझ्यासाठी कुणाला कधी पांघरूण सोडावं लागलं नाही, हे त्या पहाटे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. ते समजल्यावरही मी त्या दोन गोधड्यांतली एकही बाजूला केली नाही. थंडी फार होती.

आईनंतर तो नेम शालनकडे आला. आधी नवऱ्यासाठी, मग मुलासाठी. रणजित पावसाळा सरल्यापासून वर चौकीवर होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. गेले दोन रविवार आला नव्हता.

केतकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. आई हट्टी आहे, एवढंच ती समजत होती.

दुपारी आम्ही केलाँग गावाच्या अलीकडे होतो तेव्हा बर्फ सुरू झालं. आधी पिठासारखं भुरभुर, मग भराभर. पुढे पोलिसांची जीप आडवी उभी होती. रस्ता उद्या उघडेल, आहात तिथेच थांबा, असं त्यांनी सांगितलं. केतकीने व्हॅन एका शेताच्या दगडी बांधाआड, वाऱ्याकडे पाठ करून लावली. आता तिच्यातली मुलगी जाऊन कामातली जाणती बाई जागी झाली होती. तिने नळाचं पाणी सोडून दिलं, नाहीतर पाइप फुटतात म्हणे. दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. छताची झडप मात्र बोटभर उघडी ठेवली.

"ती पण लाव की. वारा येतोय," शालन म्हणाली.

"तीच उघडी लागते, आई. नाहीतर उद्या उरलेली रजईपण भिजेल."

शालनने फोन काढून पाहिला. रेंज नव्हती. "केतके, त्या पुलाच्या वळणावर मघाशी फोन लागत होता ना?"

"हो. का?"

"जाऊन बघ की. दादाचा काही निरोप आहे का."

"आत्ता? या बर्फात?"

"तो बर्फातच आहे ना गं."

केतकीने बूट चढवले, टोपी कानावर ओढली. उतरताना तिने मला दाराशी बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आप्पा, ती झोपली की हीटर लावा. हे बटण, तीन सेकंद दाबून धरायचं. आधी घरघरतो, मग गरम हवा येते. मला जाऊन यायला वेळ लागेल. तोवर तिला गार पडू देऊ नका. तुमच्यावर सोपवतेय."

"बरं," मी म्हणालो. जे जमणार नाही त्याला 'बरं' म्हणण्याची माझी सवय जुनी आहे.

ती गेली. एवढ्याशा जागेत आम्ही दोघंच उरलो. शालनला आमच्या घरात येऊन पस्तीस एक वर्षं झाली असतील, पण आम्ही दोघं असे कधी बसलो नव्हतो. मी तिचा थोरला दीर. तरुणपणी ती माझ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन यायची आणि बोलायचं ते मुलांच्या तोंडून बोलायची. त्या दिवशीही तिने स्वेटरवरून पदर ओढून घेतला आणि खिडकीच्या कापडाचा एक कोपरा सोडवून बाहेर बघत बसली.

"आप्पा, बर्फ पडताना आवाज का येत नाही?"

"माहीत नाही."

"एवढी पुस्तकं वाचून?"

"त्यात नसेल."

ती थोडी हसली आणि हसताना खोकली. खोकला थांबेना. मी चहा केला. दोन्ही हातांत पेला न धरता तिने तो टेबलावर ठेवला आणि वाकून काठाला ओठ लावून घोट घेतला. पेल्याची ऊबही तिला हातांना लागू द्यायची नव्हती.

"रणजित म्हणायचा, सकाळी तंबू उकरून काढावा लागतो," ती म्हणाली. "मला वाटायचं, पोरगं वाढवून सांगतंय. हे बघा, चाक दिसेना झालं."

"शालन."

"काय?"

"मी आईला बघितलंय." एवढं बोलायला मला किती तयारी करावी लागली. "मला ठाऊक आहे तू काय करतेयस ते."

ती वळली नाही. "ठाऊक आहे तर गप्प बसा."

"आपल्याकडची थंडी वेगळी. तिथे चटईवर भागतं. इथे तुला ताप आहे. उद्या काही झालं तर रणजितला काय सांगायचं?"

"तो जिवंत असला तर सांगा काय सांगायचं ते."

"असं बोलू नये."

"दोन रविवार झाले, आप्पा. मी मनात आणत नाही, पण ते येतं. मग मी म्हणते, मी माझ्याकडनं काय कमी केलं नाही. एवढं एकच माझ्या हातात आहे. ते पण तुम्ही काढून घेता काय?"

मी म्हणालो, "मोडल्याचं पाप मी घेतो."

आता ती वळली. "ते काय पिशवी आहे का, तुमच्या हातात द्यायला?" आणि मग, कदाचित माझा चेहरा पाहून, नरमाईने म्हणाली, "तुम्ही वाचा. मला काय होत नाही."

ती ओट्यावर आडवी झाली. गुडघे पोटाशी, हात काखेत, पदर पायांवर. घडी घातलेली रजई उशाशी. मी वाचायला लागलो. म्हणजे पान उघडं ठेवून बसलो. पाण्याची पिशवी माझ्या पोटाशी होती, शाल अंगावर होती, आणि मला त्या दोन्हींची लाज वाटत होती. पण पिशवी मी बाजूला ठेवली नाही. निदान हे तरी मी आहे तसं लिहितोय.

मग तिचे दात वाजायला लागले. आधी मला वाटलं, शेगडीवरचं भांडं हलतंय. तिचे डोळे मिटलेले होते. ओठांचा रंग गेला होता. हुडहुडी पायांपासून सुरू व्हायची, खांद्यापर्यंत जायची, सगळा ओटा हलायचा, मग थोडं थांबून पुन्हा. मी तिला हाक मारली. ती काहीतरी पुटपुटली, तापातल्या माणसासारखी.

मी हीटरच्या बटणावर बोट ठेवलं. पण तो घरघर करतो. ती जागी होईल आणि तिला कळेल. रजई मात्र आवाज करत नाही. घालता येते, काढूनही घेता येते. तिची हुडहुडी थांबेपर्यंत घालावी आणि ती जागी व्हायच्या आत काढून, होती तशी घडी करून ठेवावी. तिला कळलं नाही तर नेम मोडला असं कसं म्हणायचं? मला हा युक्तिवाद तेव्हा पटला. आयुष्यभर मी अशाच युक्तिवादांवर वेळ काढलेला आहे.

मी रजईची घडी उलगडली. थोरल्या दिराने भावजयीच्या अंगावर पांघरूण घालायचं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना कळणार नाही. मी तिच्याकडे न बघता, आधी पायांवर, मग खांद्यापर्यंत ती रजई सोडली आणि मागे सरून बसलो.

थोड्या वेळाने ओटा हलायचा थांबला. दात वाजायचे थांबले. तिच्या कपाळावरची आठी मी रघुनाथच्या लग्नापासून पाहत आलो होतो, ती सुटली. रजईखाली तिचे पाय हळूहळू सरळ झाले. ते पाहून मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःला बजावलं, आणखी थोडा वेळ. एवढं पान वाचून होऊ दे. मग काढू.

ते पान मी वाचलं नाही. आदल्या रात्री झोप नव्हती, उंचीवरची हवा होती, पिशवी अजून कोमट होती. काय कारण असेल ते असो, मला झोप लागली.

दार उघडल्याच्या आवाजाने मी जागा झालो. थंड हवेचा लोट आत आला. बाहेरचा उजेड निळसर, मावळतीचा. दारात केतकी, खांद्यावर बर्फ घेऊन. ती माझ्याकडेच बघत होती. मी खाली पाहिलं. रजई माझ्या अंगावर होती. गळ्यापर्यंत नीट खोचलेली.

शालन शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. स्वेटर आणि पदर.

"आप्पा?" केतकी म्हणाली. "तुम्ही रजई घेऊन झोपलात?"

काय सांगणार होतो? रजई आधी शालनच्या अंगावर होती, हे सांगायचं तर नेम सांगावा लागला असता.

"तिला ताप आहे. एकच कोरडी रजई होती. आणि हीटर?" तिने बाकाखालच्या जाळीला हात लावला. "लावलाच नाहीत. मी एवढं सांगून गेले होते, आप्पा."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

मला वाटलं होतं शालन काही बोलेल. आधणात साखर टाकून ती ढवळत राहिली, साखर विरघळून गेली तरी ढवळत राहिली.

"वळणावर रेंजच नाही," केतकी आईला म्हणाली आणि रागाने हीटरचं बटण दाबलं. तो घरघरला, खोकला आणि बंद पडला. तिने दोनदा, तीनदा दाबून पाहिलं. "डिझेल थिजलं. दुपारीच लावला असता तर चालू राहिला असता." हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की केतकीने रजई आईवर घातली आणि सकाळी ती केतकीच्या अंगावर होती.

आमच्या घरात ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं सांगितली गेली. आप्पांनी तापलेल्या आईची रजई पळवली. आधी केतकी रागाने सांगायची, मग हसत सांगायला लागली. लग्नाकार्यात पंगतीला बसलो की कुणीतरी म्हणायचं, "आप्पांच्या शेजारी शाल ठेवू नका रे." मीही हसायचो. त्यांचं चुकत नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. बर्फावर डोळा ठरत नव्हता. उन्हाने व्हॅन तापली तशी तिची सगळी यंत्रं एकेक करून ठिकाणावर आली. रस्ता उघडल्याचं पोलीस सांगून गेले. शालनचा ताप उतरला नव्हता, पण ती उठून बसली होती. सकाळपासून माझ्याशी ती एक शब्द बोलली नव्हती. मला कळलं होतं की तिला कळलंय. कधी कळलं, एवढंच कळलं नव्हतं. ती उठली तेव्हा रजई तिच्या अंगावर होती, हे तर उघड होतं. तिने ती काढून माझ्या अंगावर घातली होती. रागाने घातली असती तर गळ्याशी खोचली नसती. असा मी त्याचा अर्थ लावत बसलो होतो, एखाद्या जुन्या पोथीतली ओळ लावावी तसा.

परत फिरून पुलाच्या वळणावर आलो आणि शालनच्या हातातला फोन वाजला.

"आई?" रणजितचा आवाज. केतकीने करकचून ब्रेक लावला. शालनला बटण सापडेना. केतकीने मागे येऊन फोन मोठ्या आवाजावर केला.

"रणजित! कुठायस रे?"

"खाली आलोय. मला परवाच खाली आणलं. मी बरा आहे. फोन बंद होते सगळे."

शालनने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. केतकी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, हसायलाही लागली. "दादा, गाढवा, दोन रविवार! आईने इथे जीव खाल्लाय माझा."

पलीकडून हसू आलं नाही.

"काय झालं रे?" शालनने विचारलं.

"काही नाही."

"रणजित."

"आई, वर कडा कोसळला. चौकीवर. माझ्या बदली एक पोरगा गेला होता वर. गढवालचा. नवीन होता. अजून सापडला नाही. आता सापडून पण काय."

"कधी?"

"काल."

"काल कधी?"

"अंधार पडायच्या आधी. का गं?"

शालनने विचारलं, "त्याला आई आहे?"

"आहे ना. रोज बोलायचा तिच्याबद्दल." आणि मग घाईने, "ठेवतो आता. लाइन लागलीय मागे. तू जप. गरम काहीतरी घालत जा."

फोन बंद झाला. केतकीने डोळे पुसले. "बिचारा," ती म्हणाली. "पण दादा खाली आला, आई. दादा खाली आला." मग ती उतरली आणि समोरच्या काचेवरचं बर्फ खरवडायला लागली. मला वाटतं, तिला एकटीला थोडं रडायचं होतं.

शालन फोनकडे बघत होती. रणजित खाली आला होता. म्हणजे नेम संपला होता, परवाच संपला होता. तिला आता हवं तेवढं पांघरूण घेता आलं असतं. ती पदर आवळून बसली होती, कालपेक्षाही घट्ट.

"आप्पा," ती म्हणाली. "मी जागी होते."

मी तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही घातलीत तेव्हा. घडी उलगडल्याचा आवाज आला मला. मी म्हटलं, आता काढून टाकावी. हात उठेना. इतकं बरं वाटलं, आप्पा. इतकं बरं वाटलं की मी म्हटलं, थोडा वेळ. कुणाला कळतंय? झोपल्याचं सोंग घेऊन पडले. तुम्हाला झोप लागली तरी पडूनच राहिले." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "बाहेर ऊन कलत होतं. तेवढ्यातच झालं असणार ते. माझ्याला वाचवलं आणि दुसरीच्याला नेलं. तिनं बिचारीनं घेतलं नसेल पांघरूण."

मी म्हणू शकलो असतो की रणजित आधीच खाली आला होता. की कड्यांना आणि रजयांना एकमेकांची खबर नसते. हे सगळं खरं होतं आणि मला ते नीट मांडताही आलं असतं. पण माझी आई डोळे न उघडता 'ठेव तिथं' म्हणाली होती ते मी ऐकलं होतं, आणि हे असलं खरं तिथे चालत नाही, एवढं मला कळत होतं. मुख्य म्हणजे रजई मी उलगडली होती. तिने नव्हती.

"तू जागी नव्हतीस," मी म्हणालो.

"काय?"

"तापात होतीस. तुला वाटलं असेल तसं. रजई मी उलगडली, ती माझ्यासाठी."

"आप्पा..."

"मला थंडी वाजली. तू नको म्हणाली होतीस, ती तुझ्या उशाशी नुसती पडून होती. मी घेतली आणि झोपलो. तुझ्या अंगावर घातलीच नाही." माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. इतकं सरळ मी कधी कुणाशी बोललो नव्हतो. "केतकीला विचार. ती आली तेव्हा रजई कुणाच्या अंगावर होती?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या गळ्याशी ती रजई तिने स्वतःच्या हातांनी खोचली होती. ते तिला आठवत होतं आणि तिला आठवतंय हे मला दिसत होतं. पुढून काच खरवडल्याचा कर्रकर्र आवाज येत होता.

"तुम्ही घेतलीत," ती शेवटी म्हणाली.

"मीच."

"ताप असलेल्या बाईची."

"हो."

"लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"म्हणू देत."

तिने मान वळवली आणि बराच वेळ बाहेर बघितलं. मला वाटलं, तिला पटलं नाही. आजही मला माहीत नाही. त्यानंतर आम्ही दोघं या विषयावर कधी बोललो नाही, आणि पंगतीत माझी थट्टा व्हायची तेव्हा ती वाढायला उठून जायची. त्या गढवाली मुलाच्या आईचं काय, हा प्रश्न तर माझ्या लबाडीने सुटणारा नव्हताच. तो तसाच राहिला. काही रात्री मी गरम अंथरुणात जागा असतो तेव्हा तो माझ्या शेजारी असतो.

केतकी हात चोळत आत आली आणि गाडी सुरू केली.

"केतके," शालन म्हणाली, "तो हीटर लाव बघू."

केतकी चकित होऊन वळली. "वास येतो ना तुला?"

"लाव. आप्पांना थंडी सोसत नाही."

आरशातून केतकीची नजर माझ्यावर आली. तिच्या मनातला राग अजून गेला नव्हता. मी खाली पाहिलं. हीटर घरघरला, थांबतोय असं वाटलं, मग सुरू झाला. बाकाखालच्या जाळीतून गरम हवा यायला लागली. शालन अंग चोरून, हात काखेत धरून बसली होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग तिने उजवा हात काढला आणि जाळीपुढे धरला. लगेच मागे घेतला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पुस्तक उघडलं आणि ते तोंडासमोर धरलं, तिला दिसावं की मी बघत नाही.

तिने पुन्हा हात पुढे केला. या वेळी दोन्ही.